वत्सला परत गेली का?

यंदा बिबडे घरी करायचे, असं मी परवा जाहीर केलं तेव्हा घरात कोणी मानही वर केली नाही. संध्याकाळची वेळ, टीव्ही चालू, रिमोट नवऱ्याच्या हातात, मुलगी सतरंजीवर पालथी. मी पुन्हा सांगितलं. "विकत मिळतात ना आता," नवरा म्हणाला, पण कधी, तर मध्ये जाहिरात लागली तेव्हा. म्हणजे माझं वाक्य या माणसापर्यंत पोचायला साबणाची जाहिरात लागावी लागली! तिथेच माझं डोकं फिरलं. म्हटलं, मिळतात तर मिळू देत. मी घरी करणार. गच्चीवर करणार, कॉलनीतल्या चार बायका गोळा करून करणार, आणि थापता थापता पुस्तक वाचणार.

आता मात्र त्याने मान वर केली. "पुस्तक? बिबडे करताना?"

हो, बिबडे करतानाच. जळगावचा एप्रिल सुरू झाला, सकाळी आठलाच गच्चीवर पाय भाजायला लागले, शेजारच्या गच्चीवर कुणाच्या तरी कुरडया दिसल्या, की मला भूक लागते ती गोष्टीची. घाट्याचा वास नाकात नुसता आठवणीने येतो आणि मागोमाग एक आवाज येतो, "मंग, पुढे काय व्हयनं?" हा आवाज विमलअक्काचा. दरवर्षी येतो. दरवर्षी मी तो कामाच्या गडबडीत बाजूला सारते. यंदा नाही सारणार.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, एवढं ऐकून माझ्या पुण्याच्या जावेचं समाधान झालं होतं, पण ते काही खरं नाही. ज्वारी तीन दिवस भिजवायची, धुवायची, वाळवून दळायची. पहाटे चुलीवर हंडा चढवायचा. पाण्यात तीळ, जिरं, मीठ, लसूण-मिरचीचं वाटण. उकळी फुटली की पीठ वैरत जायचं आणि लाकडी दांड्याने ढवळत राहायचं, खांदे भरून येईपर्यंत. शिजून घट्ट झालेल्या त्या पिठाला आमच्याकडे घाटा म्हणतात. तो कढत असतानाच गोळा घेऊन ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापायचा, आणि खाटेवर पसरलेल्या जुन्या लुगड्यावर अलगद उलटा टाकायचा. हात भाजतात. भाजू द्यायचे. कारण गार झालेला घाटा थापता येत नाही, त्याला चिरा जातात. हे जरा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

एकट्या बाईचं हे काम नव्हे. म्हणून आमच्या धुळ्याच्या गल्लीत पद्धत होती, आज हिच्या धाब्यावर, उद्या तिच्या. धाबं म्हणजे घराचं सपाट मातीचं छत. सात-आठ बायका आपापलं फडकं आणि पाण्याचं भांडं घेऊन यायच्या, आणि ज्या घरी काम असेल तिथे मुलांना ओले बिबडे, कच्चं तेल आणि शेंगदाणे. ते ओले बिबडे मी पोटाला तड लागेपर्यंत खाल्ले आहेत. धुळ्याच्या जुन्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत, नावं नाहीत, आणि आमच्या गल्लीतल्या बायका दुसऱ्या नंबरच्या गल्लीतल्या बिबड्यांना नावं ठेवायच्या. "जाड राहतात त्यांचे," आई म्हणायची. ते तसे नव्हते. मी खाऊन आलेले होते.

तो माझ्या दहावीचा उन्हाळा. परीक्षा संपलेली, निकाल लांब, आणि आईने मला कामाला जुंपलेलं. पण माझा बिबडा भाकरीएवढा जाड व्हायचा, आणि उलटा टाकताना निम्मा फडक्याला चिकटून राहायचा. तिसऱ्या दिवशी विमलअक्काने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिच्या अहिराणीत म्हणाली, "संगे, तुना हात कामना नही. तोंड मातर कामनं शे. वाच काहीतरी." सगळ्या जणी हसल्या. मला राग आला. घरात जाऊन वडिलांनी वाचनालयातून आणलेलं पुस्तक उचललं, जिन्याच्या सावलीत तेलाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसून रागारागाने, मोठ्यांदा वाचायला सुरुवात केली. दोन पानं झाली आणि माझ्या लक्षात आलं, की खाली चुलीचा आवाज ऐकू येतोय. म्हणजे आठ बायका गप्प बसल्या होत्या.

विमलअक्का शेजारच्या नानांची बहीण. पिंपळनेरला दिलेली. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि अक्काला एका पत्र्याच्या पेटीसकट धुळ्याच्या एसटीत बसवून दिलं. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. अक्का भावाच्या घरात राबायची, वहिनीचं बोलणं ऐकून घ्यायची आणि उन्हाळा आला की गल्लीची राणी व्हायची, कारण तिच्या हातासारखा घाटा कुणाचाच उतरायचा नाही. मीठ-मिरची तीच बघायची. हंड्यात पीठ किती हे ती नुसत्या वाफेच्या वासावरून सांगायची. अक्षर मात्र एक येत नव्हतं. एसटीची पाटीसुद्धा दुसऱ्याला विचारायची.

पुस्तकाचं नाव मी सांगू शकत नाही, कारण ते आम्हालाच ठाऊक नव्हतं. पहिली पानं फाटलेली, वाचनालयाने जाड गुलाबी पुठ्ठा घालून बांधलेलं. आम्ही त्याला वत्सलेचं पुस्तक म्हणायचो. वत्सला म्हणजे त्यातली बाई. एका कारकुनाची बायको. सासरी इतका पाणउतारा होतो, की एके सकाळी पेटी भरते आणि घर सोडते. मी ते पेटीचं वाक्य वाचलं तशी अक्काने थापता हात थांबवला. "तिनी बी पेटी पत्रानीच?" मी म्हटलं, पुस्तकात तसं दिलेलं नाही, नुसती पेटी म्हटलंय. "पत्रानीच असंल," अक्का म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली. आईने उगीचच फडकं दोनदा पिळलं.

त्या दिवसापासून ते पुस्तक अक्काचं झालं. मी वाचायचे, पण गाडी तिच्या हातात. "थांब वं माय. परत वाच ते." मी परत वाचायचे. "आते थांब. माले जरा इचार करू दे." मी थांबायचे. आठ बायका, वीस-पंचवीस बिबडे खाटेवर, ऊन चढतंय, आणि पुस्तक बोटाने मिटून मी अक्काचा विचार करून होण्याची वाट बघतेय! कधी ती विचार करून वत्सलेला शिव्या घालायची, इतकी मऊ कशाला राहते म्हणून. कधी म्हणायची, "बरोबर करं तिनी." मग आई म्हणायची, काही बरोबर नाही केलं, आणि दोघी जुंपायच्या. समोरची कंपाउंडर काकू म्हणायची, वत्सला गोरी असणार, नाजूक. अक्का म्हणायची, हॅट, काळीसावळी, हाताला चुलीचा डाग असलेली. मी आपली मनात माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना वत्सला केलं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. एका धाब्यावर नऊ वत्सला होत्या, आणि एकीला दुसरीची वत्सला पटत नव्हती.

एकदा पान उलटताना अक्का पाहायला वाकली आणि तिच्या बोटाचा कढत घाटा पानावर पडला. मी ओरडले, "अगं बाई, वाचनालयाचं आहे!" तिने पदराने पुसलं, तर तो आणखीच पसरला. वाळल्यावर तिथे तिळाच्या दाण्यासकट एक खडबडीत ठिपका राहिला. अक्का दोन दिवस माझ्याशी बोलताना खाली बघत होती.

आता टीव्हीकडे येते. टीव्हीला मी शिव्या घालणार, असं ज्यांना वाटतंय त्यांना सांगते, गल्लीतला पहिला टीव्ही आला तेव्हा सगळ्यात पुढे मीच बसले होते. त्याच उन्हाळ्यात कंपाउंडर काकांनी आणला. काळापांढरा, लाकडी दाराचा. दार सरकवून बंद करायचं, त्यावर भरतकामाचं झाकण. छतावर अँटेना, आणि चित्रात मुंग्या आल्या की कुणीतरी वर चढून ती फिरवायची आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" शनिवारी पिक्चर. रविवारी सकाळी मालिका. काकूंची ओसरी भरून दारापर्यंत माणसं. आम्ही खिडकीतूनसुद्धा बघितलंय. मला तो डबा इतका आवडायचा, की झोपेत मुंग्या दिसायच्या.

वत्सलेचं पुस्तक संपत आलं त्या आठवड्यात नानांकडे पिंपळनेरहून निरोप आला. अक्काच्या सवतीने अंथरूण धरलं होतं, घरात करणारं कोणी नव्हतं. मंगळवारी दीर आणि दोन वडीलधारी माणसं अक्काला न्यायला येणार होती. झालं गेलं विसरून जा, घर तुझंच आहे, असा निरोप. नाना हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. वहिनी मात्र अक्काची लुगडी स्वतःहून धुवायला लागली. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. अक्का कुणाशी त्यावर एक शब्द बोलत नव्हती. फक्त रोज सकाळी मला विचारायची, किती पानं राह्यली?

आणि पुस्तकात काय चाललं होतं? वत्सला परगावी शिवणकाम शिकवून आपलं पोट भरायला लागलेली. इकडे नवऱ्याचं पत्र येतं, झालं गेलं विसर, परत ये. शेवटच्या प्रकरणात ती स्टेशनवर उभी आहे. गाडी लागलेली. नवरा डब्याच्या दारात. एवढं वाचून मी शनिवारी पुस्तक मिटलं, कारण ऊन डोक्यावर आलं होतं. आठ-दहा पानं राहिली होती. पुस्तक सोमवारी परत करायचं होतं. एकदा मुदत वाढवून घेतलेली, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. "उद्या मना घरना घाटा शे," अक्का म्हणाली. "उद्या पुरं करू." त्या संध्याकाळी मी काकूंकडे पिक्चर पाहिला. त्यातही स्टेशन होतं. गाडी सुटली, नायक धावला, नायिका परत आली, सनई वाजली.

तो रविवार. नानांच्या धाब्यावर पहिला हंडा लवकर संपला. बायका म्हणाल्या, दुसरा लगेच चढवू. अक्काने चढवला. इतक्यात समोरून काकूंची हाक आली, "लागतंय गं, लागतंय!" आणि काय सांगू, धाबं रिकामं झालं. अर्ध्या तासात येतो, तोवर तुझा घाटा होतोच, असं म्हणत सगळ्या जणी ओल्या हातांनी जिना उतरल्या. माझी आईसुद्धा. मीही पुस्तक डब्यावर ठेवून उतरले. अंगणात चुलीपाशी अक्का एकटी, दांडा फिरवत. तिने मला हाक मारली.

"संगे, तू थांब. मी ढवळस, तू वाच."

"अक्का, आल्यावर वाचते ना. अर्धा तास फक्त."

"आल्यावर बठ्ठ्या जणी बोलतीन. आते वाच."

समोरच्या ओसरीतून मालिकेचं सुरुवातीचं संगीत ऐकू यायला लागलं. माझा एक पाय उंबऱ्याबाहेर. "बरं, येवढं तरी सांगी दे," अक्का म्हणाली. दांडा थांबला होता. "ती परत गयी का नही?"

मला ठाऊक नव्हतं. ती पानं मी वाचलेलीच नव्हती. तेवढ्यासाठी वर जाऊन पुस्तक आणावं लागलं असतं, आणि संगीत संपत आलं होतं. मी म्हटलं, "गेली गं. परत गेली सासरी. नवऱ्याने माफी मागितली, सगळं गोड झालं." आदल्या दिवशीच्या पिक्चरचा शेवट मी जशाच्या तसा तिच्या पदरात टाकला आणि पळाले.

"गयी?" एवढंच माझ्या पाठीमागे ऐकू आलं.

पुढे काय झालं ते गल्लीत आजही हसून सांगतात. मालिका मध्यावर आली आणि लाइट गेली. आता येईल, मग येईल, म्हणून कुणी उठेना. उठलं तर जागा जाते! लाइट आली तेव्हा चित्रात मुंग्या. अँटेना फिरवण्यात आणखी वेळ. सगळ्या परतल्या तेव्हा दीड तास झाला होता आणि अक्का विझलेल्या चुलीपाशी हंड्याकडे बघत बसलेली. घाटा गार, दगड. एका बाईच्या हाताने किती थापणार? बायकांनी पाणी घालून, पुन्हा तापवून, बरंच काही करून बघितलं. जे झालं ते चिरा पडलेलं, कडा फुटलेलं. नानांच्या घरी त्या वर्षी पावसाळाभर तुकडेच तळले. गल्लीत असं याआधी कधी झालं नव्हतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अक्का कुणाला एक शब्द बोलली नाही. सोमवारी मी पुस्तक परत केलं. शेवट न वाचताच. त्या दिवशी मला ते हातात धरवत नव्हतं.

मंगळवारी माणसं आली. मी नानांच्या पायरीवर बसले होते, कोणी हाकललं नाही. दोन दिवसांत माझ्या टाळक्यात उशिराने उजेड पडला होता, की मी अक्काला काय सांगून बसलेय. वत्सला गेली म्हटल्यावर हीही जाणार! पेटी भरणार, पिंपळनेरच्या एसटीत बसणार, आणि सवतीची धुणी धुणार. ते माझ्यामुळे. मला आत जाऊन ओरडावंसं वाटत होतं, की अक्का, मी वाचलंच नाही गं ते. पण आत मोठी माणसं होती आणि मी भित्री होते. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

अक्काने चहा दिला. त्याबरोबर त्या रविवारच्या बिबड्यांचे तळलेले तुकडे. दीर बराच वेळ बोलला. तुमचंच घर, तुमचाच मान. मग नाना म्हणाले, "विमल, तू काय म्हणतेस?"

"माले नही जानं," अक्का म्हणाली.

"घाई नको. विचार कर जरा."

"नऊ वरीस मी इचारच करा, नाना."

पाहुण्यांपैकी म्हातारा काहीतरी समजुतीचं बोलायला लागला, तर अक्का उठली, त्याच्यापुढची रिकामी ताटली उचलली आणि बाहेर आली. मी पायरीवर तिच्याकडे बघत होते, रडायच्या बेतात. ती माझ्याजवळ थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "ती गयी तं गयी. येडी व्हती. मी नही."

मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं. खरं सांगायला तोंड उघडलं नाही ते नाहीच.

पुढे मी कॉलेजला गेले, लग्न होऊन जळगावला आले, घरात रंगीत टीव्ही आला, मग केबल आली, मग रिमोट. आणि इतक्या वर्षांत मी पुष्कळदा स्वतःशी भांडले आहे, की पुस्तक मला टीव्हीपेक्षा का आवडतं. पुस्तक वाचलं की माणूस शहाणा होतो, हे तर मला मुळीच पटत नाही. मी वाचणारी होते आणि खोटं बोलले. अक्का अडाणी होती आणि खरी निघाली. तेव्हा ते राहू द्या. मला कळतं ते एवढंच, की टीव्हीला "थांब वं माय" म्हणता येत नाही. तो आपला पुढे जातो. तुम्ही घाटा टाकून या, नाहीतर राहा बाहेर. पुस्तक बोट घालून मिटलं की तिथेच थांबतं, आणि त्या थांबण्यात माणसाला नऊ वर्षांचा विचार करता येतो. त्या रविवारच्या मालिकेत काय दाखवलं, देवाशपथ, मला आज एक अक्षर आठवत नाही. दीड तास बसले होते की मी! पण स्टेशनवर उभी असलेली वत्सला मी रोज बघते, कारण तिला कुणी मला दाखवलेलं नाही. ती मी केलेली आहे.

आणि हो, वत्सलेवर अक्काला रागावता आलं. तिच्याशी भांडून, तिच्या उलट वागून दाखवता आलं. टीव्हीतल्या बाईवर कोण इतकं रागावतं? तिचा भाग संपला की आपण उठतो आणि कुकर लावतो. माझा नवरा म्हणतो, तू उगाच ताणतेस, करमणूक ती करमणूक. असेल. पण करमणुकीने मला कधी कुणाची माफी मागायला लावलेलं नाही. ती पाळी माझ्यावर पुस्तकानेच आणली.

त्या मंगळवारनंतर सात वर्षांनी. मुलगी वर्षाची होती, तिला घेऊन मी एप्रिलात माहेरी गेले. गल्लीत आता घरोघरी टीव्ही, आणि बिबडे करायला तिघीच. आई, मी आणि अक्का. अक्का तोवर मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली होती. एक खोली घेऊन वेगळी राहत होती. पेटी तीच, पत्र्याची. पालिकेच्या शाळेत मोठ्या बायकांसाठी वर्ग सुरू झाले तेव्हा ती गेली, आणि जे वर्गात आलं नाही ते वसतिगृहातल्या मुलींनी भाकऱ्या होईतोवर चुलीपाशी बसून शिकवलं. हे आईने मला पत्रात लिहिलं होतं. पण पत्रात न लिहिलेलं एक होतं.

आई बाळाला घेऊन खाली गेली होती. मी थापत होते. हो, एव्हाना मला बिबडे जमायला लागले होते. अक्का धाब्यावर आली, काखेतली पिशवी उघडली आणि माझ्यासमोर एक पुस्तक ठेवलं. निळा पुठ्ठा. मी ओळखलं नाही. तिने मधलंच एक पान उघडलं आणि बोट ठेवलं. पानावर खडबडीत पिवळट ठिपका, आणि त्यात चिकटलेला तीळ.

नाव ठाऊक नाही, लिहिणारा ठाऊक नाही, पुठ्ठा बदललेला. वाचनालयात जाऊन तिने स्वतःचं नाव नोंदवलं, आणि दर रविवारी कपाटातली एकेक ओळ घेऊन, एकेक पुस्तक उघडून ती तो ठिपका शोधत होती. दोन पावसाळे गेले. वाचनालयातला माणूस म्हणायचा, बाई, दुसरं घ्या की एखादं. ती म्हणायची, आधी तेच.

"मी सोता वाचं," अक्का म्हणाली. "बठ्ठं. एक महिना लागना." मग माझ्याकडे सरळ बघून, आवाज न चढवता, "संगे, तू माले खोटं सांगं व्हतं."

माझ्या हातातला गोळा हातातच राहिला. मी म्हटलं, "हो अक्का." आणखी काय म्हणणार? म्हटलं, "मी वाचलंच नव्हतं. मला टीव्ही बघायला जायचं होतं. चुकलं माझं." सात वर्षं राहून गेलेलं वाक्य, आणि ते एवढंसंच निघालं. रडू आलं ते वेगळंच. शेवटी मीच विचारलं, "मग खरं काय होतं गं? ती गेली का?"

अक्काने ते पुस्तक माझ्या ओल्या हातात दिलं. "तुले वाचता येस ना?" ती म्हणाली. "मंग वाच." आणि घाटा बघायला जिना उतरून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी पदराला हात पुसले. त्याच जिन्याच्या सावलीत बसले. शेवटची आठ-दहा पानं. ऊन चढत होतं, फडक्यावरचा बिबडा वाळून कडा वर यायला लागल्या होत्या, आजूबाजूच्या घरांतून तीन-चार टीव्ही एकदम बोलत होते, आणि मी वाचत होते. स्टेशन. गाडी लागलेली. नवरा डब्याच्या दारात, हात पुढे केलेला. वत्सला खाली, पेटी शेजारी. तो बोलतोय, ती ऐकतेय. शिट्टी होते. मी एक ओळ दोनदा वाचली. मग तिसऱ्यांदा. मग पुढचं पान.

खालून दांडा फिरायचा आवाज थांबला.

"काय वं," अक्काने हाक मारली. तिला ठाऊक होतं. अक्षर अन् अक्षर ठाऊक होतं, तरी विचारत होती. "गयी का ती?"

मी उठून धाब्याच्या कडेला आले आणि गल्लीतले सगळे टीव्ही बुडतील एवढ्या मोठ्यांदा ओरडले, "नाही गेली, अक्का! नाही गेली!"

चुलीपाशी धुरात उभी राहून अक्का वर बघून हसत होती, डोळे पुसत होती. "आणि मी भवानी," ती म्हणाली, "सात वरीस तिले शिव्या दिन्यात!"